शहराच्या आधी आलेली घरे

माण हे मुळशी तालुक्यातले गाव आहे आणि कागदोपत्री आजही तिथे ग्रामपंचायतच कारभार पाहते. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा या गावाच्या शिवारात उभा आहे. हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रो मार्गाचा डेपो माणमध्येच आहे आणि मेगापोलिस सर्कल हे त्या मार्गाचे पहिले स्थानकही इथलेच. एकेकाळी भातखाचरे आणि माळरान असलेल्या जमिनीवर आता वीस-पंचवीस मजली इमारती उभ्या आहेत. त्यांत देशभरातून आलेले तरुण अभियंते, त्यांचे आईवडील आणि शाळकरी मुले राहतात. त्यांच्या घरात वायफाय आहे, इमारतीखाली पोहण्याचा तलाव आहे, आणि फाटकाबाहेर पाण्याच्या टँकरची रांग आहे.

शहराच्या हद्दीबाहेर, पण शहराच्याच आधाराने वाढणाऱ्या वस्त्या हा या संग्रहाचा विषय. पुण्याभोवती अशा जागा अनेक आहेत. सुरुवात माणपासून करण्याचे कारण असे की इथे या विषयाचे सगळे धागे एकाच शिवारात सापडतात: घर घेणारा, गुंतवणूक करणारा, जमीन विकणारा, आणि या तिघांच्या मधोमध अपुऱ्या बळानिशी उभी असलेली पंचायत. माझे म्हणणे मी सुरुवातीलाच मांडतो. माणमध्ये शहर उलट्या क्रमाने आले. आधी नोकऱ्या आल्या, मग घरे, मग रस्ते रुंद करण्याची धावपळ. पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था अजून मागेच आहे, आणि हे सगळे कोणी चालवायचे हा प्रश्न सगळ्यात शेवटी उभा राहिला आहे. या भागाचे आकर्षण आणि या भागाचे हाल, दोन्ही या उलट्या क्रमातून निघतात. म्हणून एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही.

शहराबाहेर राहायला जाण्याची ओढ नवी नाही आणि केवळ आपली नाही. अमेरिकेत ए. सी. स्पेक्टोर्स्की यांनी 1955 साली न्यूयॉर्कच्या उपनगरांपलीकडे जाऊन राहणाऱ्या प्रकाशन, जाहिरात आणि प्रसारण व्यवसायांतल्या लोकांवर पुस्तक लिहिले. ती माणसे मोकळी जागा शोधत गेली होती. नोकरी शहरातच होती आणि तिथे नेणारी रेल्वे आधीपासून धावत होती. मुंबईकर डोंबिवली, विरार, बदलापूरला गेला तोही लोकलच्या रुळांच्या भरवशावर. माणची गोष्ट वेगळी आहे. इथे नोकरी स्वतःच शहराबाहेर आली, माणूस तिच्या मागे आला, आणि रेल्वेची वाट पाहणे त्यानंतर सुरू झाले.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास शेजारी ठेवला की हा फरक ठळक होतो. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांचे प्लॉट पडले. टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहानमोठी वर्कशॉप्स उभी राहिली. 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. मधल्या काळात, 1972 मध्ये, कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडी-आकुर्डीकडची सेक्टरवार आखणी, रुंद रस्ते, राखलेली मैदाने ही त्याचीच देणगी. त्या कामातही अन्याय झाला. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न अनेक दशके लोंबकळत राहिला. तरीही कारखान्यासोबत कामगाराच्या घराचा, आणि घरासोबत रस्त्याचा व गटाराचा विचार करणारी एक संस्था तेव्हा अस्तित्वात होती. 2001 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे 10 लाख होती, 2011 मध्ये ती 17 लाख 27 हजारांवर गेली. एवढी वाढ पोटात घेऊनही ते शहर बऱ्यापैकी चालते, याचे बरेचसे श्रेय त्या जुन्या आखणीला द्यावे लागते.

हिंजवडीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयटी पार्कची सुरुवात झाली. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि हा परिसर मुंबईच्या आवाक्यात आला. पहिला टप्पा, मग दुसरा, मग माणच्या हद्दीतला तिसरा. महामंडळाने कंपन्यांना प्लॉट दिले, आतले रस्ते केले, पाणी दिले. मात्र कंपन्यांत काम करायला येणारी काही लाख माणसे राहणार कुठे, याची जबाबदारी कोणत्याच यंत्रणेकडे नव्हती. ती पोकळी बाजाराने भरली. राज्याच्या टाउनशिप धोरणाने मोठ्या सलग जमिनीवर विकासकांना स्वतंत्र वसाहती उभारण्याची मुभा दिली. 2016 च्या एकात्मिक नगर वसाहत धोरणात किमान 40 हेक्टर, म्हणजे सुमारे शंभर एकर जमिनीची अट आहे. हिंजवडीत ब्लू रिज, तिसऱ्या टप्प्यात मेगापोलिस, मारुंजी-जांभ्याकडे लाइफ रिपब्लिक अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्या आसपास दोन-चार एकरांवरच्या लहान गृहसंकुलांची दाटी झाली. चाकणच्या बाजूलाही हाच क्रम दिसतो. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणजवळ 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, इतर वाहन कंपन्या आल्या. कामगार मोशी, चिखली, तळेगावकडे पसरले आणि रस्ते तेवढेच राहिले.

या घरांचे आकर्षण आधी नीट समजून घेतले पाहिजे. बाहेरून पाहणारे अनेकदा त्याची गणना नुसत्या दिखाव्यात करतात. ते खरे नाही. लातूर, परभणी, अमरावती किंवा साताऱ्याहून आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच महिन्याचा पगार मिळवणाऱ्या मुलामुलींसाठी माणमधला दोन बेडरूमचा फ्लॅट ही आयुष्यातली पहिली मालमत्ता असते. औंध-बाणेरमध्ये तेवढ्याच पैशांत त्याहून लहान आणि जुने घर मिळते. इथे ऑफिस दहा मिनिटांवर असू शकते, आणि ज्याने वाकडचा भूमकर चौक किंवा हिंजवडीचा शिवाजी चौक संध्याकाळी सात वाजता ओलांडला आहे, त्याला या दहा मिनिटांची किंमत समजावून सांगावी लागत नाही. संकुलाच्या आत मुले गाडीची भीती न बाळगता खेळतात. गावाहून आलेल्या आईवडिलांना सकाळी फिरायला वाट असते, समवयस्क सोबत असते, गणपतीला मंडप असतो. खिडकीतून अजून डोंगर दिसतो. मोकळी हवा, स्वतःचे छप्पर आणि मुलांना चांगली शाळा मागणाऱ्या माणसाला हाव सुटली आहे असे म्हणता येणार नाही. त्याचे मागणे रास्त आहे.

गुंतवणूकदाराचे गणित वेगळे आहे, आणि तेही स्वच्छपणे मांडायला हवे. घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचे भाडे आपल्या शहरांत साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास येते, तर गृहकर्जाचे व्याज त्याच्या जवळपास दुप्पट असते. म्हणजे भाड्यातून हप्ता फिटत नाही. गुंतवणुकीचा सगळा भरवसा पुढे भाव वाढण्यावर असतो, आणि भाव वाढतो तो घोषणांवर. आयटी पार्कचा नवा टप्पा जाहीर झाला की एक उडी, मेट्रोचा मार्ग ठरला की दुसरी, रिंग रोडची आखणी नकाशावर आली की तिसरी. डिसेंबर 2018 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचे, म्हणजे याच हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचे, भूमिपूजन झाले. सुमारे 23 किलोमीटर, 23 स्थानके, खासगी भागीदारीतून उभा राहणारा प्रकल्प. त्यानंतरच्या प्रत्येक गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत ही मेट्रो आली. काम मात्र मूळ मुदत ओलांडून पुढे सरकत राहिले, आणि चाचणी गाडी डेपोबाहेर पडायला 2025 चा पावसाळा उजाडला. या मधल्या वर्षांत ज्यांनी बुकिंग केले त्यांनी तोवर न धावलेल्या गाडीची किंमत आगाऊ मोजली.

यात बेकायदा काही नाही. घर विकत घेणारा प्रत्येक जण थोडाफार उद्यावर पैसे लावतोच. पण जिथे मोठ्या प्रमाणावर खरेदी भाववाढीसाठी होते, तिथे वस्तीचा स्वभाव बदलतो. बंद फ्लॅटचा मालक दुबईत, न्यू जर्सीत किंवा मुंबईत असतो. सोसायटीच्या सभेला तो येत नाही. टँकरचा खर्च वाढला म्हणून मेंटेनन्स वाढवायचा तर त्याची हरकत असते, कारण तो ते पाणी पीत नाही. भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर असतो, त्यामुळे रस्त्यासाठी पाठपुरावा करायला त्याच्याजवळ वेळ आणि हक्क दोन्ही नसतात. राहणाऱ्याला आज पाणी हवे असते आणि गुंतवणूकदाराला पुढची घोषणा हवी असते. एकाच जिन्यावरच्या दोन दारांचे हितसंबंध असे वेगळे होतात, आणि त्या फटीत सार्वजनिक मागणी विरून जाते.

तिसरा माणूस आहे जमीन विकणारा. त्याच्याविषयी बोलताना शंभर वर्षे मागे जावे लागते. याच मुळशी तालुक्यात 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मावळ्यांनी दिलेला तो लढा धरणग्रस्तांच्या आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या लढ्यांपैकी एक. धरण झाले, पाणी सह्याद्रीखाली उतरवून त्याची वीज मुंबईला गेली आणि आंबेमोहोर पिकवणारी गावे उठली. आपली जमीन दुसऱ्याच्या प्रगतीसाठी जाते ही आठवण या तालुक्यात खोल आहे. म्हणूनच आयटी पार्कच्या चौथ्या टप्प्यासाठी भूसंपादनाचा प्रस्ताव आला तेव्हा माणच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. सरकारी दराने जमीन गेली की हातात येणारी रक्कम आणि शेजारच्या शेतात विकासक देतो ती रक्कम यांतली तफावत त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

खासगी विक्रीने तरी सगळ्यांचे भले झाले असे नाही. सातबाऱ्यावर आठ-दहा नावे, बहिणींची हक्कसोडपत्रे, जुन्या कुळाची नोंद, कुलमुखत्यारपत्रावर झालेले व्यवहार या गुंत्यात कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढली. ज्यांना मोठा विकासक मिळाला नाही त्यांनी गुंठ्यांनी विकले. 1947 चा तुकडेबंदी कायदा तेव्हा शेतीचे बारीक तुकडे करू देत नव्हता, कूळकायद्याचे कलम 63 बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही, आणि तरीही एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट सामाईक सातबाऱ्यावर विकले गेले. त्यावर घरे झाली. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी 2001 मध्ये गुंठेवारी कायदा आला, पुढे त्याची मुदत वाढवली गेली. घेणाऱ्याने आयुष्याची पुंजी घातली आणि रस्ता, गटार, मोकळी जागा यांपैकी काहीच कागदावर नव्हते. जमिनीच्या पैशाने काही घरांत दुकाने, टँकर, जेसीबी, मंगल कार्यालये आली; काही घरांत तो पैसा एका पिढीतच संपला. 2018 मध्ये प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमीन गेलेल्या घरातल्या मुलाची वाताहत पडद्यावर आणली आणि महाराष्ट्रभर तिची चर्चा झाली.

दुसरी वाट नव्हती असे नाही. पुण्याच्या पूर्वेला हडपसरजवळ मगर मंडळींसह सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेच्या वर एकर जमीन एकत्र केली आणि मगरपट्टा सिटी उभी केली. सतीश मगर यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रयोगात शेतकरी हा जमीन विकून बाहेर पडणारा माणूस राहिला नाही. तो कंपनीचा भागधारक झाला. त्या प्रयोगाला अनुकूल परिस्थिती होती: एका नात्यागोत्यातले जमीनदार, आधीच शहरी हद्दीत आलेली जमीन, विश्वासाचे नेतृत्व. मुळशीतल्या वाटण्या होऊन लहान झालेल्या शेतांवर ते जसेच्या तसे करता येणार नाही. पण त्यातले तत्त्व महत्त्वाचे आहे: जमिनीची किंमत वाढणार असेल तर मूळ मालकाला त्या वाढीत वाटा असावा. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे पीएमआरडीएची, माण-म्हाळुंगे नगररचना योजना सुमारे 250 हेक्टरवर आखली गेली ती याच विचाराने. जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या, आणि उरलेल्यातून मालकाला विकसित प्लॉट परत द्यायचा. कागदावर हा मार्ग भूसंपादनापेक्षा न्याय्य आहे. तो वेगाने जमिनीवर उतरला असता तर या भागाचे चित्र बरेच निराळे दिसले असते.

पाण्याचा विषय सर्वांत कठीण. मुळा माणच्या शिवारालगत वाहते, पवना उत्तरेला आहे, तरी संकुलांच्या टाक्या टँकरवर भरतात. टाउनशिपच्या धोरणात पाण्याची सोय विकासकाने करायची असते. इतर प्रकल्पांतही तशी हमीपत्रे घेऊन परवानग्या दिल्या जातात. हमी कागदावर राहते आणि बोअरवेल खोल जात राहते. धरणाचे पाणी आणायचे तर ते कोणाच्या तोंडचे, हा प्रश्न उभा राहतो. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी बंद जलवाहिनी टाकण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर इथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. शहराची तहान आणि शेताचे पाणी यांतला संघर्ष किती टोकाला जातो हे त्या दिवशी या पट्ट्याने पाहिले. पावसाळ्यात हाच प्रश्न उलटा होतो. ओढे बुजवून, वळवून, अरुंद करून बांधकामे झाल्यावर पाण्याला जायला वाट राहत नाही. 2025 च्या पावसाळ्याच्या तोंडावरच आयटी पार्कचे रस्ते तुंबले, आणि तिथे काम करणाऱ्यांनी व राहणाऱ्यांनी उघडपणे दाद मागितली.

दाद मागायची तर कोणाकडे, हा प्रश्न मग येतोच. आयटी पार्कच्या आतला रस्ता महामंडळाचा, बाहेरचा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा, इमारतीची परवानगी पीएमआरडीएची, कचरा आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतीची. मार्च 2015 मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. माणच्या रहिवाशाने निवडून दिलेला नगरसेवक तिथे नसतो. हिंजवडी, माण, मारुंजी यांसह सात गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याचा ठराव 2015 मध्येच झाला, पण ती पंचायतीतच राहिली. मुळेपलीकडचे म्हाळुंगे 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेले. म्हणजे एकाच नगररचना योजनेच्या नावातली दोन गावे आज दोन वेगळ्या कारभारांखाली आहेत. संपूर्ण महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, हजारो हरकती आल्या, आणि 2025 मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. इमारती मात्र आराखड्यासाठी थांबल्या नाहीत.

मे 2017 पासून रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा कायदा, लागू झाल्यावर घर घेणाऱ्याला मोठा आधार मिळाला. प्रकल्पाची नोंदणी सक्तीची झाली, चटई क्षेत्र स्पष्ट झाले, ग्राहकांकडून आलेल्या रकमेतला 70 टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, आणि करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. हा कायदा संकुलाच्या कुंपणाच्या आत प्रभावी आहे. कुंपणाबाहेरचा रस्ता, मैलापाणी जाणारी वाहिनी, ओढ्याची पूररेषा, मेट्रोची तारीख यांची हमी तो देत नाही. आणि घराचे खरे मोल बऱ्याच अंशी या बाहेरच्या गोष्टींवरच ठरते.

ग्रामपंचायतीला दोष देणे सोपे आहे. हजार-दोन हजार उंबऱ्यांच्या गावासाठी 1958 च्या कायद्याने घडवलेल्या संस्थेकडून आपण वीस मजली इमारतींच्या मैलापाण्याची अपेक्षा करतो आहोत. शिवाय या इमारतींतल्या कित्येकांची नावे आजही त्यांच्या मूळ गावच्या मतदारयादीत आहेत. ज्यांना इथल्या रस्त्याचा त्रास आहे ते इथे मतदार नाहीत, आणि जे मतदार आहेत त्यांच्या पिढ्या इथे असूनही त्यांना या नव्या शहरात परके वाटते. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या यात्रेत बगाड निघते तेव्हा गाव एकत्र येते. पलीकडच्या इमारतीतले लोक त्या दिवशी वाहतूक का वळवली असे विचारतात. गावकऱ्याने संकुलातल्या शिक्षिकेला शाळा समितीवर बोलवावे, संकुलातल्या अभियंत्याने ग्रामसभेला जाऊन ओढ्याचा नकाशा मांडावा, एवढ्याने सगळे सुटणार नाही. पण त्याशिवाय काहीच सुटणार नाही.

या संग्रहातले लेख जमीन, घर, पाणी, रस्ता आणि कारभार या क्रमाने लावले आहेत. वाचकाने ते घर घेण्याचा सल्ला म्हणून वाचू नयेत. तरी घर घेऊ पाहणाऱ्याला त्यांतून काही प्रश्न नक्की मिळतील. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, पाण्याचा स्रोत कोणता आणि तो कोणाच्या ताब्यात, मैलापाणी कुठे जाते, प्रवेशाचा रस्ता आराखड्यात आहे की कोणाच्या शेतातून, सोसायटीच्या नावे जमीन हस्तांतरित होणार कधी. जाहिरातीतल्या मेट्रोच्या अंतरापेक्षा या पाच उत्तरांवर त्याचे पुढचे आयुष्य जास्त अवलंबून आहे.

शासनासाठी यातून निघणारा मुद्दा याहून मोठा आहे. माणच्या जमिनीचे मोल कोणा एका विकासकाने किंवा गुंतवणूकदाराने वाढवलेले नाही. ते महामंडळाच्या पार्कने, द्रुतगती मार्गाने, मेट्रोच्या निर्णयाने, म्हणजे सार्वजनिक पैशाने आणि सार्वजनिक सहीने वाढले आहे. त्या वाढीतून मुद्रांक शुल्क, विकास शुल्क, कर या रूपांनी तिजोरीत जे येते त्यातला ठरलेला हिस्सा त्याच शिवारातल्या पाण्यावर, मैलापाण्यावर आणि रस्त्यावर खर्च झाला पाहिजे, आणि तो खर्च नवी परवानगी देण्याआधी झाला पाहिजे. गावे महापालिकेत घ्यायची की त्यांची वेगळी नगरपालिका करायची, याचा निर्णय गावकरी आणि नवे रहिवासी दोघांना विचारून, पण तारीख ठरवून घेतला पाहिजे. रिंग रोडच्या आखणीबरोबर आता हीच कहाणी पश्चिमेला मुळशीच्या आणखी आतल्या गावांकडे सरकते आहे. तिथे अजून भाताची रोपे लावली जातात, ओढे वाहते आहेत, आराखडा करायला वेळ आहे. माणमध्ये जे उलटे झाले ते तिथे सुलटे करता येईल, जर आधी पाणी, गटार, रस्ता आणि कारभार ठरला आणि त्यानंतर पहिल्या इमारतीला परवानगी मिळाली.